पाणी कोन आने?

येत्या मे महिन्यात आम्ही सगळी चुलत-आत्ये भावंडं गावी जमणार आहोत. तीनच दिवस, पण कित्येक वर्षांनी. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की लहानपणच्या उन्हाळ्यांवर चार पानं लिहावीत आणि पहिल्या रात्री धाब्यावर बसून वाचावीत. (धाबं आता राहिलेलं नाही, तिथे सिमेंटचा स्लॅब आहे. पण आम्ही अजूनही धाबंच म्हणतो.) घरात 'लिहिणारा' म्हणून मीच बदनाम, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

लिहिलं. अगदी मन लावून लिहिलं. अढीतल्या आंब्यांचा वास, पाटावरच्या शेवया, कुरडयांचा गरम चीक, कांदा-कैरीचा टक्कू, दुपारी अंधाऱ्या ओसरीत रंगलेला पत्त्यांचा डाव, माठातलं गार पाणी आणि रात्री धाब्यावर ओळीनं टाकलेली अंथरुणं. शेवटी एक वाक्य होतं, जे मला स्वतःलाच फार आवडलं होतं. मध्यरात्री गावाबाहेरच्या विहिरीवरच्या चाकाची कुरकुर ऐकू यायची आणि ती ऐकत ऐकत झोप लागायची, असं काहीतरी.

पुतण्यानं ती पानं गावी मोठ्या आईला वाचून दाखवली. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एकदोनदा हसली, आणि मग फोन हातात घेऊन मला म्हणाली,

"छान लेहलं बाप्पा. आन् पानी कोन आने, थे नाई लेहलं तुनं?"

वऱ्हाडीत 'आने' म्हणजे 'आणायचं'. पाणी कोण आणायचं?

मी पानं पुन्हा काढून वाचली. पाणी तीन ठिकाणी होतं: माठात, पन्ह्यात आणि त्या चाकाच्या कुरकुरीत. आणणारं माणूस एकाही ठिकाणी नव्हतं. म्हणून हा दुसरा प्रयत्न. यात थोडा इतिहास येईल, थोडा भूगोल येईल आणि थोडं अंकगणितही. कंटाळा आला तर सांभाळून घ्या.

घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात कुणालाही गाव विचारलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केलेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही मंडळी. खाली पूर्णेचं सपाट खोरं, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. ही विभागणी आजची नाही. निजामाच्या काळातही वऱ्हाडाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग मानले जात. १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, आणि पुढे साहेबांनी जिल्ह्याचं ठाणं घाटावर बुलढाण्याला केलं. तिथली हवा त्यातल्या त्यात थंड. त्याहून थंड हवा हवी असली तर त्यांना चिखलदरा होता.

आमचं गाव घाटाखाली, पूर्णेच्या पलीकडे, आता संग्रामपूर तालुक्यात मोडणारं. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात. विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात त्या याच उन्हामुळे. म्हणजे आम्हाला सुट्टी जास्त मिळायची ती उन्हाच्या कृपेनं. लहानपणी आम्ही त्या उन्हाचे मनापासून आभार मानायचो.

सुट्टी लागली की चारही दिशांनी माणसं गोळा व्हायची. तिन्ही आत्या आपापल्या लेकरांसह माहेरी यायच्या, नोकरीनिमित्त बाहेर असलेले काका कुटुंबासह यायचे. एरवी बारा-तेरा माणसांचं घर मे महिन्यात सत्तावीसवर जायचं. त्यात आम्ही पोरं चौदा. सगळ्यात धाकटं मांडीवर आणि सगळ्यात मोठं दहावीची परीक्षा देऊन आलेलं. रेल्वेनं शेगाव किंवा नांदुरा, तिथून एसटी, आणि शेवटचा तुकडा बंडीनं. बैलांच्या गळ्यातल्या घंटा, मागे लटकवलेला कंदील... (थांबतो. हे सगळं पहिल्या चार पानांत आहे.)

ही रेल्वे मात्र जरा सांगण्यासारखी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. भुसावळहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही सगळी स्टेशनं त्याच मार्गावरची. १८७० साली तर जलंबहून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. गाडी आली ती कापसाच्या गाठी न्यायला. पण गाडी एकदा आल्यावर तिच्यात माणसंही बसतातच. दूरच्या गावी दिलेल्या लेकी उन्हाळ्यात लेकरं घेऊन माहेरी येऊ लागल्या, त्यात या गाडीचा मोठा वाटा असणार. आमच्या आजीच्या वेळेपर्यंत 'मे महिना म्हणजे माहेर' हे पक्कं झालेलं होतं.

पण माहेरी येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर तहानही येते. ते मात्र कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

दोन प्रकारचं पाणी

आमच्या घरात आड होता. घरातच! शहरातले मित्र हे ऐकून म्हणायचे, मग काय चैन आहे तुमची. पण त्या आडाचं पाणी खारं. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं.

पूर्णेच्या दोन्ही बाजूंना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे आणि त्यात शेकडो गावं आहेत. नदीनं हजारो वर्षं आणून टाकलेला गाळाचा जाड थर, वर चिकण काळी माती, आणि जमिनीखालचं पाणी खारट. एकेकाळी या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरींच्या पाण्यापासून मीठसुद्धा काढत असत. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. तुरीची डाळ शिजता शिजत नाही. चहा केला तर दूध नासतं. पिकाला दिलं तर जमीन पांढरी पडत जाते. म्हणूनच हा भाग पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या कापूस-ज्वारीचा राहिला.

त्यामुळे आमच्याकडे पाणी दोन प्रकारचं: खारं आणि गोडं. खारं आडाचं. अंघोळ, कपडे, भांडी, सडा यांना. गोडं गावाबाहेर नाल्याकाठच्या विहिरीचं. पिण्याला आणि स्वयंपाकाला. गोड्या पाण्याचा रांजण स्वयंपाकघराच्या दाराआड असायचा, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर एकच तांब्या. त्या तांब्याला पोरांनी हात लावायचा नाही. मागायचं, मग मिळायचं. आंब्याच्या रसानं बरबटलेले हात गोड्या पाण्यात बुडवल्याबद्दल मी एकदा पाठीत धपाटा खाल्लाय, तोही आजीच्या हातचा, जिनं एरवी कधी बोट लावलं नाही. तेव्हा वाटलं होतं, एवढ्याशा पाण्यासाठी!

आता त्या 'एवढ्याशा' पाण्याचा हिशोब करू. माणसं सत्तावीस. पिण्याला आणि रांधायला माणशी फक्त ५ लिटर धरू. ४५ अंशांच्या उन्हात हे फारच कमी आहे, पण धरू. झाले १३५ लिटर. एका गुंडात साधारण १५ लिटर पाणी मावतं. (गुंड म्हणजे आमच्याकडची पितळी घागर. भरलेली कधी उचलून बघा.) म्हणजे नऊ खेपा. विहीर अर्ध्या किलोमीटरवर. जाऊन येऊन एक. म्हणजे रोजचे नऊ किलोमीटर, त्यातले साडेचार डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर पंधरा किलोहून जास्त वजन घेऊन. तेही विहिरीतून दोरानं शेंदून काढल्यानंतर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. त्या मापानं आमच्या घराला रोज १४८५ लिटर लागलं असतं. आमचं गोडं पाणी त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होतं.

आणायला कोण? मोठी आई, माझी आई आणि धाकटी काकू. आत्या माहेरवाशिणी, त्यांनी गुंड उचलायचं नाही अशी आजीची सक्त ताकीद. बरोबरच होतं ते. त्या आपापल्या सासरी वर्षभर तेच करत होत्या. पण याचा अर्थ असा की ज्या महिन्यात घरात माणसं दुप्पट, त्याच महिन्यात पाणी आणणारे हात तेवढेच. आणि पुरुष? आबा, काका, बाबा शेताचं बघत होते, नांगरट, शेणखत, बियाणं. हे खरंच आहे. पण दुपारी चार तास ओसरीवर आडवे होत होते, हेही खरं आहे.

वाळवण

उन्हाळा म्हणजे वाळवण, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्याही घरी होत असेल. आमच्या घरी ते दीड महिना चालायचं, कारण पावसाळ्यात भाजी मिळणार नाही, पाहुणा कधीही येणार, आणि दिवाळीपर्यंत डबे भरलेले पाहिजेत.

कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, धुवायचे, सत्त्व काढायचं, ते रात्रभर बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, पहाटे चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून पाडायच्या. हे सगळं गोड्या पाण्यात. खाऱ्यात केल्या तर रंगही बिघडतो आणि चवही. त्या दिवसांत नऊच्या बारा खेपा व्हायच्या.

आमचं काम काय? राखण. धाब्यावर धोतरं पसरून त्यावर कुरडया घातलेल्या असायच्या आणि आम्ही काठी घेऊन कावळे हाकलायचो. मजुरी म्हणून वाटीभर चीक. मी पहिल्या चार पानांत लिहिलं होतं, 'आम्हीही वाळवणाला मदत करायचो.' ते वाक्य आता खोडलंय. आम्ही जेवढ्या कुरडया राखायचो, जवळजवळ तेवढ्याच अर्धवट ओल्या खायचो.

याच कुरडईचं एक वेगळंच रूप आमच्या भागात बघायला मिळतं. अक्षय तृतीयेला, आमच्या भाषेत आखाजीला, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी असते. चंद्रभान महाराज वाघ यांनी ती तीनेकशे वर्षांपूर्वी सुरू केली असं सांगतात, आणि त्यांचेच वंशज आजही मांडतात. गावाबाहेरच्या शेतात गोल आखून कडेनं अठरा प्रकारची धान्यं ठेवायची. मधे खड्डा, खड्ड्यात चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यावर पाण्यानं भरलेली घागर. आणि घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई, भजं, वडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे जाऊन बघायचं, कुठलं धान्य हललं, कुठलं ढेकूळ किती भिजलं, आणि त्यावरून पाऊस आणि पिकं सांगायची. ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात.

आमचे आबा दरवर्षी बंडी जुंपून जायचे. यात शास्त्र काही नाही, असं कृषितज्ज्ञ आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगतात आणि मलाही तेच पटतं. पण ती मांडणी मला आता वेगळ्या कारणानं लक्षात राहते. मधोमध ढेकळं आणि पाण्याची घागर, घागरीवर बायकांनी केलेलं वाळवण. वर्षाची सगळी चिंता तेवढ्यात आली. भाकीत ऐकून आबा परत यायचे आणि ओसरीवर बसून सांगायचे, यंदा पाऊस कसा, कपाशी कशी. ऐकणाऱ्यांत आई-मोठी आई नसायच्या. त्या विहिरीवर असायच्या.

आखाजीला घरातही घागर भरायची असते, पितरांसाठी. तोवर नव्या माठातलं पाणी प्यायचं नाही आणि आंबा खायचा नाही. ती घागर गोड्या पाण्याची. पितरांना का खारं पाणी द्यायचं?

मांडीवरची पोरं

आजीला आम्ही एकदा विचारलं होतं, तुला मुलं किती? ती सहज म्हणाली, "झाले नऊ, रायले पाच." जणू वाळवणातल्या पापडांचा हिशोब. आम्हाला त्यात विचित्र काही वाटलं नाही आणि आम्ही खेळायला पळालो.

आता वाटतं. त्या चौघांपैकी तिघं उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी गेली, जुलाब-वांतीनं. मोठी आई सांगते म्हणून कळलं. विहिरी आटतात, तळाचं गढूळ पाणी वर येतं, पहिला पाऊस गावातली घाण वाहून विहिरीत नेतो, हे त्याचे दिवस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजारातली दोनशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत दगावत असत. १८९९-१९०० च्या दुष्काळाला आमच्याकडे 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणतात, संवत १९५६ म्हणून. आजीची आजी त्यातून वाचलेली. त्या दुष्काळात माणसं भुकेनं मेली तशी पटकीनंही मेली. पाणी नव्हतं म्हणून आणि होतं ते घाण होतं म्हणून.

मीठ-साखर-पाणी द्यावं, एवढा साधा उपाय गावोगाव पोचायला किती उशीर लागला! १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा सलाइन अपुरं पडल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पिंपांतून भरून नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजलं आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. मग ते जगभर मान्य झालं. आमची मोठी आई त्याच वर्षी, १९७१ च्या उन्हाळ्यात, लग्न होऊन या घरात आली. दुसरा उन्हाळा १९७२ चा. महाराष्ट्रभर दुष्काळ, लोक खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामावर, खायला सुकडी आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या वर्षी गोडी विहीर तळाला गेली होती.

आम्ही चौदा पोरं त्या घरात उन्हाळे काढून धडधाकट बाहेर पडलो. एकही दगावलं नाही. मी आजवर हे गृहीतच धरलं होतं. मोठ्या आईला विचारलं तेव्हा कळलं की पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं, मांडीवरच्या पोरांचं उकळून घ्यायचं, आणि रांजणातला तांब्या पोरांच्या हाती लागू द्यायचा नाही हा नियम आजीचा होता. चार मुलं गमावलेल्या आजीचा. त्या धपाट्याचा अर्थ मला वयाच्या पन्नाशीत कळला.

चाकाची कुरकुर

मग मी ताईला फोन केला. ताई म्हणजे मोठ्या आईची थोरली मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी उत्साहात विचारलं, तुला सुट्टीतलं काय आठवतं?

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला सुट्टी आवडायची नाही. शाळा आवडायची."

"का गं?"

"शाळेत पाच वाजेपर्यंत कुणी पाणी आणायला सांगत नव्हतं."

१९८२ च्या सुमारास ताई नऊ वर्षांची होती. त्या उन्हाळ्यापासून तिच्या डोक्यावर गुंडी आली. गुंडी म्हणजे लहान गुंड. तिच्याबरोबर मधल्या काकांची मुलगी. आम्ही मुलं त्या वेळी चिंचेखाली कोयींनी खेळत असायचो. त्या दोघी खेळायला उशिरा का येतात आणि आल्या तरी लवकर का दमतात, हे आम्हाला कधी कळलं नाही. मी तर तिला 'रडी' म्हणून चिडवायचो. फोनवर तिला ते आठवत होतं. मला नव्हतं.

"आणि रात्रीचं तर तुला माहीतच नसेल," ती म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटाला विहीर दिवसा कोरडी पडायची. रात्रभरात झरे पाझरून तळाशी हातभर पाणी साठायचं, आणि पहाटे जो आधी पोचेल त्याला ते मिळायचं. म्हणून मध्यरात्र उलटली की आई, मोठी आई आणि काकू कंदील घेऊन निघायच्या. विहिरीत उतरणं धोक्याचं, त्यामुळे दोराला बांधलेली छोटी बादली, ती अर्धी भरायची, वर ओढायची, पुन्हा सोडायची. एक गुंड भरायला वीस-पंचवीस मिनिटं. वर काठावर इतर घरच्या बायका रांगेत. पहाटे घरी आल्या की लगेच चीक शिजवायची वेळ.

मी त्या चाकाची कुरकुर ऐकत झोपत होतो.

दोर माझी आई ओढत होती. ती आता नाही. तिला विचारायचं राहून गेलं, आणि तीही कधी बोलली नाही. कदाचित तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. सगळ्याच बायका करत होत्या.

मी ती चार पानं फाडली नाहीत. आंबे गोड होते ते खोटं नाही, चांदणंही खोटं नाही. मला वाटतं आई-मोठी आईलाही आम्ही तसं झोपायला हवं होतो. फक्त आता त्या पानांच्या मधे ही पानं घालणार आहे.

आता

आता गावात नळ आहे. वारी हनुमानजवळच्या वान प्रकल्पातून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली, त्याचं पाणी आलं. आल्यावर मोठी आई पहिल्या दिवशी नळाखाली हात धरून नुसती उभी होती, असं काका सांगतात. पाणी गोडं. सगळीकडे सारखं पोचत नाही, रोज येत नाही, उन्हाळ्यात तर दिवस मोजावे लागतात, हेही खरं. या पट्ट्यातल्या गावांत किडनीचे आजार जास्त असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येताहेत. कारणांबद्दल तज्ज्ञांत चर्चा आहे, पण खाऱ्या पाण्याचं नाव दरवेळी निघतं. आमच्याच गल्लीतली दोन माणसं डायलिसिसवर होती. त्यामुळे 'पाण्याचा प्रश्न सुटला' असं लिहायला हात धजत नाही.

घरात आता काका आणि मोठी आई, दोघंच. सत्तावीस माणसं यंदा तीन दिवस येतील, वीस लिटरचे कॅन मागवले जातील आणि चार पोरं ते उचलून आत ठेवतील. पोरं म्हणजे मुलगे. ताईनं ही अट आधीच घातली आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर काल पुतण्यानं मोठ्या आईला पुन्हा वाचून दाखवलं. नऊ खेपांचा हिशोब आला तिथे तिनं त्याला थांबवलं म्हणे.

"नऊ नाई," ती म्हणाली. "चौदा लेह. वासराले कोन पाजे? थे काई खारं पेत नोतं."

तर मंडळी, चौदा. वर नऊ लिहिलंय ते मी मुद्दामच तसं ठेवलं आहे. माझा हिशोब कुठे चुकला ते दिसू दे.

तुमच्याही घरी उन्हाळ्याच्या आठवणी निघाल्या तर एकदा विचारून बघा, पाणी कोण आणायचं. उत्तर देणारं माणूस घरात असेपर्यंत विचारा. आणि काय कळलं ते मलाही सांगा.